शेवटची आखाजी जुन्याच घरात

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, तोंडावर आलेलं पत्र असं आहे:

"ताई, सादर नमस्कार. एरंडोल तालुक्यातलं आमचं गाव, जळगावपासून तासाभराच्या वाटेवर. सासरे दोन वर्षांपूर्वी गेले. ह्यांची नोकरी जळगावला, मुलांच्या शाळेसाठीही तिथेच घर हवं होतं, म्हणून तिसऱ्या मजल्यावर फ्लॅट घेतला. दोन बेडरूम, हॉल, किचन. गावचं धाब्याचं घर गावातल्याच एकांना द्यायचं ठरलंय, मेअखेर खाली करून द्यायचं. आखाजी आणि ती तारीख यांच्यात जेमतेम तीन आठवडे. तिन्ही नणंदा दरवर्षी आखाजीला मुलाबाळांसह येतात आणि पुढे सुट्टीत पंधरा दिवस राहतात. सगळे मिळून सतरा माणसं होतो. हे म्हणतात, आखाजी साडेतीन मुहूर्तांपैकी एक, तेव्हा त्याच दिवशी गृहप्रवेश करू, ट्रकही त्याच दिवशी लावू, आणि बहिणी आलेल्याच आहेत तर घराच्या कागदांवर त्यांच्या सह्याही उरकून घेऊ. माझं अर्धं घर आत्ताच खोक्यांत आहे. सासूबाई काहीच बोलत नाहीत. मोठ्या नणंदबाईंना फोन केला तर त्या एवढंच म्हणाल्या, 'आते माहेर कोठे ऱ्हायनं?' आणि फोन ठेवला. यंदा येऊ नका असं त्यांना कसं सांगू? की सरळ फ्लॅटवरच बोलावू? आणि फ्लॅटमध्ये पितरांची आगारी (निखाऱ्यावरचा घास) टाकता येते का, तेही सांगा. – एक वहिनी"

वहिनी,

'यंदा येऊ नका' हे सांगूच नका. फ्लॅटवरही बोलावू नका. दरवर्षीसारखा मुराळी (लेकींना आणायला जाणारा) पाठवा, गावच्या घरात आखाजी करा, ट्रक नंतर लावा. तुमच्या पहिल्या दोन प्रश्नांचं उत्तर इथेच झालं असं समजा, आगारीचं पुढे येईल. पुढे लिहिते ते एवढ्यासाठी, की हे यजमानांना पटवायचं काम तुमच्यावर आहे आणि त्यासाठी हाताशी काही मुद्दे असावेत.

आधी माझं सांगते. 1991 ची गोष्ट. आखाजीला भाऊ मुराळी म्हणून आला. मी पिशवी भरली, पोराला कडेवर घेतलं, आम्ही एस.टी.त बसलो. आमच्या गावचा फाटा आला तशी मी उठून उभी राहिले, तर हा जागचा हलेना. म्हणाला, "बस अजून. आपण आता धुळ्यात राहतो." घर हलवून महिना झाला होता. कळवायचं राहून गेलं म्हणे. नवं घर चांगलं होतं, नळ आत, संडास आत, भावजयीने जीव लावून सगळं मांडलेलं. पण आल्या आल्या तहान लागली आणि माठ कुठे ठेवलाय ते मला विचारावं लागलं. माहेरी पाणी विचारून प्यायची माझ्यावर पहिल्यांदा वेळ आली. भावजयीने धावत आणून दिलं हो, तिची काहीच चूक नव्हती. पण त्या दिवशी मी पाहुणी झाले ती झालेच. जुन्या घरातून एकदा डोळे भरून फिरून आले असते, तर नव्या घरात मी स्वतः माठ शोधला असता.

तुमच्या मोठ्या नणंदबाई फोनवर जे बोलल्या ते ह्याच जातीचं आहे. त्यांचा राग तुमच्यावर नाही. वडील गेले, आता घर चाललं, आणि हे दोन्ही त्यांना सांगण्यात आलं, विचारण्यात नाही. म्हणून सगळ्यात आधी भावानेच त्यांना फोन करायला हवा, तुम्ही नव्हे. घरच्या सुनेने कितीही गोड बोलून सांगितलं तरी 'भावजयीने घर मोडलं' हेच वाक्य पुढे वीस वर्षं फिरतं. ही आपली जुनी खोड आहे. ती तुमच्या डोक्यावर फुटू देऊ नका.

आता सह्यांचं. पत्रात तुम्ही हे एका ओळीत उरकलंय, पण सगळ्या पत्रातली अवघड गोष्ट तीच आहे. घर सासऱ्यांचं होतं आणि त्यांनी मृत्युपत्र केलेलं नसेल, तर त्यांच्या पश्चात सासूबाई, तुमचे यजमान आणि तिन्ही नणंदा असे पाच वारस होतात, आणि सगळ्यांचा हक्क सारखा. घर वडिलोपार्जित असेल तर हिशेब थोडा वेगळा पडतो, पण लेकींचा हक्क तिथेही मुलाच्या बरोबरीचा आहे. हिंदू वारसा कायद्यातल्या 2005 च्या दुरुस्तीने तो दिला, आणि तो जन्मापासूनच असतो, त्या तारखेला वडील हयात होते की नव्हते याचा संबंध नाही, हे सर्वोच्च न्यायालयाने 2020 साली स्पष्ट केलं. तेव्हा या सह्या म्हणजे पोस्टमनच्या वहीतल्या सह्या नव्हेत. नणंदा आपला हक्क सोडणार असतील तर तो त्यांचा मोठेपणा आहे, आणि मोठेपणा 'उरकून' घेता येत नाही.

खान्देशात हे मी इतक्या वेळा बघितलंय की आता हसू येत नाही. बहिणीला आखाजीला आणायचं, रस-पुरणपोळीचं ताट वाढायचं, साडी नेसवायची आणि दुसऱ्या दिवशी मोटारसायकलवर बसवून दुय्यम निबंधकाच्या कचेरीत न्यायचं. ती सही करते. नाही म्हणत नाही. पण नंतर तिला त्या साडीची घडी मोडवत नाही. तुमच्या यजमानांच्या मनात कपट आहे असं मी मुळीच म्हणत नाही, आलेल्याच आहेत तर खेप वाचेल एवढाच त्यांचा विचार दिसतो. पण बहिणींना तसं दिसणार नाही. म्हणून आखाजीच्या आधी त्यांनी तिघींना वेगवेगळा फोन करावा. घर कितीला दिलं, पैसे कुठे लागले, आईच्या नावावर किती ठेवले, फ्लॅट कोणाच्या नावावर आहे, हे सरळ सांगावं आणि "तुझं काय म्हणणं आहे?" असं विचारून गप्प बसावं. गप्प बसणं महत्त्वाचं. कागदाचा दिवस सणानंतर, सगळ्यांच्या सोयीने, हवं तर वकिलासमोर. त्या सह्यांशिवाय व्यवहार अडणार असेल तर घेणाऱ्याला आठ दिवस थांबवा. घेणारे गावातलेच आहेत, त्यांच्याकडेही लेकी आखाजीला येतच असतील.

मुहूर्ताचं सोपं आहे. साडेतीन मुहूर्तांतला दिवस म्हणजे अख्खा दिवसच शुभ, त्यात घटका-पळं बघावी लागत नाहीत. तेव्हा यजमानांनी आणि सासूबाईंनी पहाटे पाचला गाडीने निघावं. नव्या घरात कलश ठेवावा, देवांपुढे दिवा लावावा, दूध उतू घालावं, मूठभर धान्य आणि मीठ ठेवावं आणि कुलूप लावून दहाच्या आत गावी परत यावं. मुहूर्त साधला. ट्रक, कपाटं, गाद्या यांना मुहूर्त लागत नाही. त्याच दिवशी पितरांचंही असतं म्हणून कोणी नाक मुरडेल, तर आपल्या गुरुजींना एकदा विचारून ठेवा म्हणजे तोंडं बंद होतात. सासूबाईंना मात्र न्याच. त्या काहीच बोलत नाहीत असं लिहिलंय तुम्ही. नव्या घरातलं दूध त्यांच्या हातून उतू जाऊ द्या, मग बोलतील.

पितरांची घागर मात्र गावच्या घरातच भरा. सासऱ्यांना ते घर माहीत आहे. हे मी श्रद्धेने म्हणते की सवयीने, ते विचारू नका. ज्या ओसरीवर ते बसत त्या ओसरीवर ती घागर, तिच्यावर डांगर (खरबूज), आंबे, सांजोऱ्या असं मांडलेलं तिन्ही लेकींनी बघायला हवं. आगारीचंही तसंच. ह्या वर्षी चुलीतल्या निखाऱ्यावर टाका. पुढच्या वर्षी फ्लॅटमध्ये काय, हा तुमचा प्रश्न रास्त आहे. गोवरीचा तुकडा गॅसवर फुलवायचा, लोखंडी घमेल्यात किंवा मातीच्या परळात ठेवायचा, त्यावर तूप आणि घास. खिडक्या उघड्या ठेवा, धूर हॉलभर होतो. जळगावात फ्लॅटमध्ये राहणाऱ्या कितीतरी बायका असंच करतात.

राहता राहिली जागा. जरा हिशेब करा. मे महिना, जळगावचा पारा पंचेचाळिसाला टेकलेला, तिसरा मजला, दोन बेडरूम, एक कूलर आणि सतरा माणसं. त्यात नवीन इमारतीत पाणी किती वाजता येतं आणि टाकी कोण भरतं हेही तुम्हाला अजून माहीत नसणार. इकडे गावच्या घराला मातीचं धाबं आहे. संध्याकाळी त्यावर चार बादल्या पाणी शिंपडलं की रात्री नऊला पोरं गोधड्या घेऊन वर जातात आणि पहाटे अंगावर चादर ओढतात. अंगणात झोक्यासाठी निंब असेलच. फ्लॅटच्या हॉलमध्ये छताला हूक असतो, पण त्यावर चाळीस वर्षांची नणंद उभी राहून झोका चढवू शकत नाही. यंदा झोका नेहमीपेक्षा दोन दिवस आधी बांधा.

खोक्यांची लाज वाटून घेऊ नका. उलट आता पुढे काहीही बांधू नका, नणंदा येईपर्यंत थांबा. माळ्यावरची पत्र्याची पेटी, कोठीच्या मागची बोचकी, फडताळातला वरचा कप्पा हे तुम्ही एकटीने उघडायचंच नाही. त्यात कोणाची तरी सातवीची प्रगतीपुस्तकं निघतील, कोणाचा तरी रुखवतातला अर्धा राहिलेला रुमाल निघेल. ज्याचं त्याने ठरवू दे. तुम्ही फेकलेली चिंधीसुद्धा पुढे 'माझ्या आईची पैठणी' होते. हे काम दुपारचं, बारा ते चार, कूलरसमोर. त्या वेळी बाहेर पडण्यात अर्थही नसतो.

भांड्यांचं जरा सांभाळून. पितळी हंडा, घंगाळ, जातं, पाटा-वरवंटा हे फ्लॅटमध्ये मावणार नाही, आणि 'ज्याला जे हवं ते घ्या' म्हटलं की दोघींचा हात एकाच हंड्यावर पडतो. सासूबाईंनी आपल्या हाताने प्रत्येकीला एकेक वस्तू द्यावी, वजनाचा विचार न करता. जात्यावर बसून कोण गायची, हंड्याने पाणी कोण आणायची, ते त्यांनाच ठाऊक. त्यांनी दिलं म्हणजे ती भेट होते. तुम्ही दिलं तर वाटणी होईल.

आणि खापर. पत्रात तुम्ही त्याचं नावही घेतलेलं नाही, म्हणून मला काळजी वाटते. तुमच्या घरी पुरणाचे मांडे खापरावर होत असतील तर यंदा ते कराच, आणि मोठ्या नणंदबाईंना चुलीपुढे बसवा. सैल कणीक, त्यात पोटभर पुरण, दोन्ही हातांवर फिरवत फिरवत मांडा कोपरापर्यंत वाढवायचा आणि पालथ्या खापरावर अल्लद सोडायचा. हे गॅसच्या शेगडीवर जमत नाही, जाळ चौफेर लागतो, म्हणजे लाकडंच हवीत. फ्लॅटमध्ये गेल्यावर मांडे कोणाच्या तरी अंगणात जाऊनच करावे लागणार. तुमच्या घरातल्या लहान मुलींनी ते यंदा बघून ठेवलं तर बघितलं. खापर फुटकं नसेल तर ते ट्रकमध्ये ठेवू नका. हमाल कितीही भला असला तरी मातीच्या पालथ्या भांड्यावर तो मिक्सरचं खोकं ठेवणारच, आमच्या खापराचं असंच झालं. गोधडीत गुंडाळून कोणाच्या तरी मांडीवरच न्यायचं.

बाकीच्या स्वयंपाकात जीव काढू नका. सतरा माणसांना रोज पोळ्या लाटायच्या नाहीत. सणाच्या दिवशी पुरण आणि आंब्याचा रस, सांजोऱ्या दोन दिवस आधी तळून डब्यात. मग एक दिवस वरण-बट्टी आणि वांग्याची घोटलेली भाजी, एक दिवस कळण्याची भाकरी, ठेचा आणि कांदा, एक दिवस शेवभाजी. शेव विकतची आणा, कोणी काही म्हणत नाही. गॅसची टाकी आणि रेग्युलेटर एजन्सीला परत करून कागद घ्यायचा असतो, गाव बदलताना तो लागतोच. पण ते काम सगळी पाहुणेमंडळी परतल्यावर. माझ्या ओळखीच्या एका उत्साही गृहस्थाने सणाच्या आदल्या दिवशी टाकी परत केली होती आणि मग चौदा माणसांचा चहा शेजारणीच्या जिवावर झाला.

एक वाटलं तर करा. वर्षाच्या कुरडया, बिबडे, पापड अजून व्हायचे असतील तर ह्याच पंधरा दिवसांत त्या धाब्यावर उरकून घ्या. तीन नणंदा, एक सासू, एक तुम्ही, एवढे हात पुन्हा एका जागी यायचे नाहीत. कुरडयांचे गहू तीन दिवस भिजतात, तेव्हा आखाजीच्या दिवशी भिजत घातले तर चौथ्या दिवशी चीक शिजेल. चिकाची वाटी घेऊन पोरं रांगेत उभी राहतील ती वेगळीच. फ्लॅटची गच्ची सोसायटीची, तिची चावी कोणाकडे असते आणि तो ती देतो का, हे पुढच्या उन्हाळ्यात बघाल. वाळवण नीट वाळलं की चार डबे करा आणि नणंदांचे तीन त्यांच्या पिशवीत आधी जाऊ द्या.

ट्रकबद्दल थोडं. नणंदा असतानाच शेवटच्या दोन दिवसांत लावा, त्या गेल्यावर नको. रिकाम्या घराचं दार ओढताना त्या तिथे हव्यात. गाडी पहाटे पाचला बोलवा, म्हणजे नवाच्या आत भरून होते. नंतर पत्र्याला हात लागत नाही आणि हमालही चिडतात. फ्रीज उभाच न्यायला सांगा आणि पोहोचल्यावर चार-सहा तास लावू नका. तिसऱ्या मजल्यावर लिफ्ट असली तरी कपाट तिच्यात मावतं का ते आधी मोजा, नाहीतर जिन्यावरून चढवायचे पैसे ऐन वेळी वेगळे मागतात. मुलांचे शाळेचे दाखले आधीच काढून ठेवा, जूनच्या मध्याला शाळा उघडते तेव्हा सगळ्या गावाची तिथे गर्दी असते.

माल फ्लॅटवर उतरला की नणंदांना एक रात्र तिथे ठेवून घ्या. गाद्या जमिनीवर, जेवण बाहेरून. कुठलं भांडं कुठे लावायचं ते त्यांना लावू द्या. तुमच्या मनासारखं लागणार नाही. मसाल्याचा डबा उजवीकडे हवा होता तो डावीकडे जाईल. जाऊ द्या, आठवड्याने हलवा. राखीला त्या येतील तेव्हा मीठ कुठे आहे हे त्यांना तुम्हाला विचारावं लागणार नाही.

तुमच्याकडे शेती आहे की नाही ते कळलं नाही. असली तर सालदाराचा, म्हणजे सालावर ठेवलेल्या गड्याचा, हिशेब आखाजीलाच मिटवा, घर हललं म्हणून पुढे ढकलू नका. त्याचंही साल त्याच दिवशी पुरं होतं, आणि मालक जळगावला राहायला गेला म्हटल्यावर त्याच्याही पोटात गोळा आलेला असणार. पुढच्या सालाचं काय ते त्याच दिवशी स्पष्ट बोला.

आता एक राहिलं. तीन नणंदा कधी येणार, किती दिवस राहणार, सगळे मिळून किती माणसं होणार, हे सगळं तुम्ही लिहिलंत. तुमचं माहेर कुठलं, हे त्यात कुठेच नाही. आखाजी तुमचीही असते ना? तुमचा भाऊ मुराळी म्हणून येतो की गेली कित्येक वर्षं 'यंदा जमायचं नाही रे' असंच चाललंय? ट्रक रिकामा झाला, गॅसची टाकी लागली, की उरलेली खोकी तशीच ठेवा आणि मुलांना घेऊन चार दिवस जाऊन या. यजमान आणि सासूबाई तेवढे दिवस शेवभाजीवर काढतील. भावाला फोन आजच करा, म्हणजे तो गाडीची सोय बघेल.